पुरलेला माल, उकरलेले बालपण

१९७७ साली अमेरिकेत अटारी कंपनीचा व्हिडिओ गेमचा संच आला आणि घरातला टीव्ही खेळण्याचीही वस्तू झाला. कॅसेट बदलली की खेळ बदले. मुलांना वेड लागले, मागणी वाढली आणि त्या मागणीच्या भरात उत्पादकांना साठ्याचे भान राहिले नाही.

१९८२ मध्ये ‘ई.टी.’ या गाजलेल्या चित्रपटावरचा खेळ नाताळापूर्वी दुकानांत पोहोचवायचा होता. प्रोग्रॅमर हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ यांनी तो सुमारे पाच आठवड्यांत तयार केला. खेळ अनेकांना रुचला नाही. कॅसेटी मात्र लाखोंनी निघाल्या होत्या. सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने हा व इतर खेळांचा पडून राहिलेला माल न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो शहराच्या कचरा-डेपोत पुरला.

एप्रिल २०१४ मध्ये ती जागा खणली, तेव्हा ते खेळ खेळत वाढलेली माणसे दुरून आली होती. वॉर्शॉही होते. सुमारे १३०० कॅसेटी निघाल्या. एक स्मिथसोनियन संग्रहालयात गेली. शेकडोंचा लिलाव होऊन लाखाहून अधिक डॉलर जमले. ते अटारीच्या खात्यात नव्हे, मुख्यतः त्या शहराच्या तिजोरीत गेले.

श्रावकाच्या पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे परिमाण ठरवायला सांगितले आहे. गोदामालाही ते लागू पडते. आठवणींना मोल येते खरे. पण त्या मोलाच्या भरवशावर साठा करणाऱ्याला ते मिळेलच असे नाही.