खारट पाण्यातला रुपया

2 हजार पेट्यांत भरलेली सुमारे 100 टन चांदीची नाणी घेऊन 'सिटी ऑफ कैरो' हे जहाज ऑक्टोबर 1942 मध्ये मुंबईहून निघालं. 6 नोव्हेंबरला दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडी यू-68 ने पाणतीर सोडून ते बुडवलं. शंभराहून अधिक माणसं गेली. 2013 पर्यंत 'डीप ओशन सर्च' या कंपनीने 5,150 मीटर खोलीवरून बरीचशी चांदी वर काढली आणि पुढे ती वितळवली गेली. मला याचं वाईट वाटतं. 70 वर्षं समुद्रतळाशी राहिलेल्या रुपयात जे रसायनशास्त्र साठलं होतं, ते मुशीत एका क्षणात संपलं.

त्याच महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावण्या उभ्या राहिल्या. फाळणीनंतर तिथे सिंधी निर्वासित आले आणि 1949 मध्ये त्या वस्तीचं उल्हासनगर झालं. आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या सराफांकडे राणीछाप आणि राजाछाप रुपयांची लॉकेटं करून मिळतात. परदेशात बुडीत जहाजांतल्या नाण्यांचे दागिने विकले जातात. 1622 मध्ये फ्लोरिडाजवळ बुडालेल्या 'अटोचा'ची स्पॅनिश नाणी त्यात प्रसिद्ध आहेत. नाणं घरच्या पेटीतलं असो वा समुद्रातलं, दागिना घडवताना प्रश्न एकच येतो: कडी कशी लावायची?

आधी समुद्र काय करतो ते पाहू. प्राणवायू असलेल्या खाऱ्या पाण्यात चांदीवर सिल्व्हर क्लोराइड बसतं. नाणं गाळात गाडलं गेलं, की तिथले प्राणवायूविना जगणारे जिवाणू पाण्यातल्या सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार करतात आणि चांदीचा पृष्ठभाग काळ्या सिल्व्हर सल्फाइडमध्ये बदलत जातो. शेजारी लोखंड असेल तर तेच आधी गंजतं आणि चांदी वाचते. ढिगात मधोमध दबलेली नाणीही वाचतात. श्रीलंकेजवळच्या ग्रेट बेसेस खडकांपाशी 1961 मध्ये औरंगजेबाच्या काळातले, सुरतेच्या टांकसाळीतले रुपये सापडले. पिशव्या कधीच कुजल्या होत्या, पण नाणी पिशवीच्याच आकारात एकमेकांना घट्ट चिकटून राहिली होती. आतली तर जवळजवळ नवी होती.

नाण्यात तांबं किती, यावरही बरंच ठरतं, कारण तांबं चांदीच्या आधी झिजतं. ब्रिटिश रुपया 11.66 ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा. त्यात 91.7 टक्के चांदी असे. युद्धाच्या ओढाताणीत 1940 पासून ती निम्म्यावर आली. उरलेल्यात मुख्यतः तांबं, थोडं निकेल आणि जस्त. वजन मात्र तेवढंच राहिलं. हा फरक सराफाच्या तराजूवर दिसतो. दोऱ्याला टांगलेलं नाणं पाण्यात बुडवून तोला: जुना रुपया सुमारे 1.13 ग्रॅमने हलका भरेल, निम्म्या चांदीचा 1.22 ने. समुद्रातून आलेलं नाणं मुळातच झिजलेलं असतं, म्हणून त्याच्याबाबत घटलेलं वजन न बघता घनता काढावी. तीही गाळ आणि क्षार निघाल्यावरच. जुन्या रुपयाची घनता साधारण 10.3 येते, निम्म्या चांदीच्या रुपयाची 9.5.

आता कडी. ती थेट नाण्याला जोडायला डाक द्यायचा म्हणजे टाकणखार लावून नाणं सातशे अंशांच्या आसपास तापवायचं. त्या उष्णतेत मिश्रधातूतलं तांबं पृष्ठभागाजवळ ऑक्साइड होऊन डाग पाडतं आणि ते काढायला नाणं तेजाबात जातं. पेटीतल्या रुपयाची झळाळी त्यात बदलतेच. समुद्रातल्या नाण्याचा काळा थरही बिघडतो, आणि आतून पोखरलेलं नाणं तडकू शकतं.

म्हणून कोंदण करून घ्यावं. चांदीच्या पट्टीची चौकट आधी बनवायची, कडीचा डाक तिलाच द्यायचा, ती पूर्ण गार झाल्यावर नाणं आत बसवून कड हलकेच दाबायची. नाण्याला आच लागत नाही आणि कधीही ते बाहेर काढता येतं. नाणं समुद्रातलं असेल तर त्याआधी ते अनेक दिवस शुद्ध पाण्यात ठेवावं, पाणी बदलत राहावं. आत राहिलेल्या क्लोराइडमुळे नाणं घामाच्या ओलाव्यात पुन्हा गंज धरतं. या कामाला मजुरी थोडी जास्त पडते, पण ती द्यावी.