लॅपटॉप एक, नेटवर्क दोन : घरी आणि शाळेत इंटरनेट कसे सांभाळाल?



यू-डायस प्लसची माहिती शाळेत अर्धी भरायची, उरलेली रात्री घरी. पण घरी वाय-फाय जोडलेले दिसते आणि पान काही उघडत नाही! उद्या शेवटची तारीख असेल तर जीव टांगणीला लागतो. आपल्या वैभववाडी तालुक्यात मोबाईलची रेंज सगळ्या वाड्यांत सारखी नसते, म्हणून घरचे कनेक्शन नीट चालणे गरजेचेच आहे.

असे का होते?

वर्गातला हजेरी क्रमांक आठवा. मूल दुसऱ्या शाळेत गेले की तिथे नवा क्रमांक मिळतो. जुनाच धरून बसले तर हजेरी कशी लागणार? लॅपटॉपच्या आयपी पत्त्याचेही तसेच. घरचा राऊटर प्रत्येक उपकरणाला आपणहून पत्ता देतो. या पद्धतीला डीएचसीपी म्हणतात. काही शाळा-कार्यालयांत मात्र ठरलेला पत्ता हाताने टाकावा लागतो. तो सगळ्या नेटवर्कसाठी टाकला गेला, की घरी लॅपटॉप अडतो.

वाय-फाय असेल तर (विंडोज ११)

१. आधी शाळेच्या वाय-फायला जोडा.
२. सेटिंग्ज – नेटवर्क अँड इंटरनेट – वाय-फाय येथे जा. त्या नेटवर्कच्या नावापुढे ‘प्रॉपर्टीज’ असते, ते उघडा.
३. ‘आयपी असाइनमेंट’समोर ‘एडिट’ दाबून ‘मॅन्युअल’ निवडा, आयपीव्ही४ चालू करा आणि शाळेने दिलेले आकडे भरा.
४. घरी आल्यावर घरच्या नावाखाली ‘ऑटोमॅटिक (डीएचसीपी)’ ठेवा.

लक्षात घ्या, शेजारच्या ‘हार्डवेअर प्रॉपर्टीज’मध्ये केलेला बदल सगळ्या वाय-फायना लागू होतो. गोंधळ बहुधा तिथेच होतो.

केबल असेल तर

कंट्रोल पॅनेलमधून इथरनेटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’ उघडा. पहिल्या पानावर पत्ता आपोआप घेण्याचा पर्याय ठेवा. मग ‘अल्टरनेट कॉन्फिगरेशन’ हे दुसरे पान दिसते. तिथे ‘यूजर कॉन्फिगर्ड’ निवडून शाळेचा पत्ता लिहा. पत्ता देणारा कोणी सापडला नाही, तरच लॅपटॉप हा पत्ता वापरतो. म्हणजे घरी काहीच बदलायला नको.

तरीही अडले तर?

प्रॉपर्टीजमध्ये आयपीव्ही४ पत्ता पाहा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर लॅपटॉपने पत्ता मागितला पण कोणी दिला नाही असे समजा. राऊटर बंद करून पुन्हा चालू करा. शाळेचाच पत्ता घरी दिसत असेल, तर ‘ऑटोमॅटिक’ करायचे राहिले आहे. दोन लॅपटॉपना एकच पत्ता देऊ नका. एका क्रमांकावर दोन मुले उभी राहिल्यासारखे होते.

आणखी दोन गोष्टी

मोबाईल हॉटस्पॉट वापरताना ‘मीटर्ड कनेक्शन’ चालू करा, म्हणजे विंडोजचे बरेचसे अपडेट थांबतात आणि डेटा वाचतो. घरचे नेटवर्क ‘प्रायव्हेट’ चालेल; सायबर कॅफे किंवा दुसऱ्यांच्या वाय-फायवर ‘पब्लिक’च ठेवा. आपल्या लॅपटॉपमध्ये मुलांची नावे, जन्मतारखा, आधार क्रमांक असतात. ती जपणे आपलेच काम आहे.

हे सगळे एखाद्या निवांत रविवारी करून पाहा, शेवटच्या तारखेच्या रात्री नको!