स्नायूंची झीज : वजनकाटा जे सांगत नाही

मिस्सेच्या वेळी गुडघे टेकल्यानंतर उठताना पुढच्या बाकाचा आधार घेणारे ज्येष्ठ बंधुभगिनी आपण दर रविवारी पाहतो. 'आता वय झाले' असे म्हणून तेही हसतात आणि विषय तेथेच संपतो. परंतु पूर्वी न लागणारा हा आधार गेल्या वर्षभरात लागू लागला असेल, तर ती शरीराने दिलेली पूर्वसूचना असू शकते.

वाढत्या वयात स्नायूंचे आकारमान व बळ घटते. ही घट प्रमाणाबाहेर गेली की वैद्यकशास्त्र तिला 'सार्कोपेनिया' म्हणते. अमेरिकन शास्त्रज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस हे नाव सुचविले. ग्रीक भाषेत 'सार्क्स' म्हणजे मांस, देह, आणि 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य. नव्या करारातही देहासाठी हाच 'सार्क्स' शब्द आहे. देहाचे हे दारिद्र्य दुखत नाही, म्हणून ते लक्षात येत नाही. लक्षात येते ते न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडल्यावर.

वजनकाटाही येथे फसवतो, कारण घटलेल्या स्नायूंची जागा चरबी घेते आणि वजन तेवढेच राहते. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली 'लॅन्सेट' नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले. त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा उंचीच्या प्रमाणातील वजनाचा निर्देशांक सारखाच, २२.३ होता. मात्र युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के होती. सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू मुळातच कमी असू शकतात.

मग धोका आधी कसा ओळखावा? त्यासाठी जगभर पाच साधे प्रश्न विचारले जातात. साडेचार किलोचे ओझे उचलताना त्रास होतो का? खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालताना? खुर्चीतून वा पलंगावरून उठताना? दहा पायऱ्या चढताना? गेल्या वर्षभरात किती वेळा पडलात? प्रत्येक उत्तराला शून्य ते दोन गुण असतात. बेरीज चार वा अधिक झाल्यास डॉक्टरांकडे जावे. बेरीज कमी आली म्हणून मात्र निश्चिंत होऊ नये, कारण या प्रश्नांतून सुरुवातीची झीज निसटू शकते.

म्हणून खुर्चीची कसोटीही घ्यावी. भिंतीला टेकवलेल्या खुर्चीत बसावे, हात छातीवर घ्यावेत आणि पाच वेळा उठून बसावे. जवळ कोणीतरी उभे असावे. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९ च्या निकषांनुसार यास १२ सेकंद वा अधिक लागणे ही धोक्याची खूण आहे. पोटरीचा घेर पुरुषांत ३४ सेंटिमीटरपेक्षा व स्त्रियांत ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यासही तपासणी करावी. डॉक्टर उपकरणाने मुठीची पकड मोजतात. ती पुरुषांत २८ किलोपेक्षा, स्त्रियांत १८ किलोपेक्षा कमी असणे हे अशक्तपणाचे लक्षण होय.

हे आधी ओळखण्यास अर्थ आहे, कारण झीज रोखता येते. बॉस्टन येथे १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नव्वदीच्या घरातील व्यक्तींनी देखरेखीखाली आठ आठवडे पायांना वजन लावून व्यायाम केला. त्यांच्या पायांचे बळ सरासरी १७४ टक्क्यांनी वाढले. नुसते चालणे चांगले, पण पुरेसे नाही. स्नायूंना भार हवा. नागपूरच्या मे महिन्यातील उन्हात बाहेर पडणे शक्य नसते, तेव्हा घरातच खुर्चीतून सावकाश उठण्याबसण्याचा सराव करावा. हृदयविकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

आहारात प्रथिने हवीत. ज्येष्ठांनी शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे दररोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने घ्यावीत, असे अनेक तज्ज्ञ सुचवतात. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी मात्र वैद्यकीय सल्ल्यानेच प्रमाण ठरवावे. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिने असतात. चहा-बिस्किटांवर किंवा नुसत्या वरणाच्या पाण्यावर संध्याकाळ भागवणाऱ्या आजी-आजोबांची गरज कशी भागणार? येथे एक गोष्ट स्मरणात ठेवावी. चर्चच्या कायद्याच्या कलम १२५२ नुसार उपवासाचे बंधन साठावे वर्ष लागेपर्यंतच आहे. त्यापुढील वयात प्रायश्चित्तकाळ पाळण्यास प्रार्थना व दानधर्म हे मार्ग खुले आहेतच.

धर्मग्रामातील आजाऱ्यांच्या भेटीस जाणाऱ्यांनी प्रकृतीची विचारपूस करताना एक प्रश्न अवश्य विचारावा : "आजी, खुर्चीतून हात न टेकता उठता येते का?" उत्तर 'नाही' असे आले, तर पडण्याची वाट न पाहता त्यांना डॉक्टरांकडे न्यावे.