अर्काच्या बाटलीमागील जीव

हिरडा, बेहडा, अश्वगंधा, सर्पगंधा यांचा व्यापार आपल्या समाजातील अनेक घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. पूर्वी वैद्य मुळीचे पोते मागवीत. आज कारखानदार अर्क मागतो. या अर्कामागे पुष्कळदा प्रयोगशाळेतील उंदीर उभा असतो, याची जाणीव पेढीवर बसणाऱ्यांपैकी किती जणांना असते?

काढा आणि अर्क एक नव्हेत. पाण्यात जे घटक उतरतात त्यांहून निराळे घटक अन्य द्रावकांत उतरतात, आणि तेही अधिक तीव्र प्रमाणात. म्हणून ग्रंथोक्त पद्धतीने केलेल्या औषधाचा जुना अनुभव नव्या अर्काला आपोआप लागू पडत नाही. त्याची विषाक्तता तपासताना उंदराच्या पोटात नळीने मात्रा सोडतात, चौदा दिवस निरीक्षण करतात आणि अखेरीस त्याला मारून अवयव तपासतात. पूर्वीच्या पद्धतीत एका पदार्थासाठी कित्येक प्राणी बळी जात. ती पद्धत आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेतून २००२ साली वगळण्यात आली. तिच्या जागी आलेल्या एका पद्धतीत प्रत्येक टप्प्यास बहुधा तीनच प्राणी वापरतात.

या प्रयोगांतून मनुष्याचे हित झालेच नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सर्पगंधेतील द्रव्याचा प्राण्यांवरील परिणाम रामनाथ चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३३ साली प्रसिद्ध केला. पुढे १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवरील आपला अनुभव ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि या मुळीकडे जगाचे लक्ष वेधले गेले. तो लाभ आपणही घेतला आहे. तेव्हा केवळ दुसऱ्याकडे बोट दाखवून आपण मोकळे होत नाही.

मग श्रावकाने काय करावे? अचौर्य व्रताच्या अतिचारांत ‘प्रतिरूपक व्यवहार’, म्हणजे अस्सल मालात नकली माल मिसळणे, सांगितला आहे. सर्पगंधेच्या मुळांत त्याच कुळातील दुसऱ्या जातीची मुळे मिसळली जातात. अशा मालाच्या अर्कावर केलेली चाचणी निरर्थक ठरते. ती पुन्हा करावी लागते, आणि आधीचे जीव व्यर्थ गेलेले असतात. पोत्यातील भेसळीने अचौर्याबरोबर अहिंसाही भंगते, हे ध्यानात घ्यावे.

रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी १९५९ साली तीन सूत्रे मांडली: प्राण्याऐवजी पर्याय शोधावा, संख्या घटवावी, वेदना कमी करावी. भारतात सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी २०१४ सालीच बंद झाली. नव्या औषधांच्या नियमांतही २०२३ साली पेशीसंवर्धनासारख्या प्राणीविरहित पद्धतींना स्थान मिळाले.

आपल्या हाती असलेली कामे साधी आहेत. प्रत्येक मालाची वनस्पती म्हणून ओळख पटवून तिची नोंद ठेवावी. अर्क घेताना ‘याची चाचणी पूर्वी झाली आहे काय, तिचा अहवाल मिळेल काय, पर्यायी पद्धत वापरता येईल काय’ असे कारखानदाराला विचारावे. झालेल्या चाचणीची पुनरावृत्ती केवळ जाहिरातीसाठी होत असेल, तर तो सौदा नाकारावा. नफा थोडा घटेल. परंतु प्रतिक्रमणाला बसताना मनावरचा भार हलका असेल.