मान मोडली का?

लोणंद म्हटले की कांद्याचा बाजार आठवायचाच! यंदा गणपतीला मी तिथे बहिणीकडे गेलो होतो. भाचाही पुण्याहून आला होता. तो संगणकाच्या कंपनीत प्रोग्रॅमर आहे. आला तो गाल फुगवूनच.

"मामा, प्रोग्रॅमची तपासणी अर्धीसुद्धा झालेली नाही, आणि मॅनेजर म्हणतात, दसऱ्याला चालू करायचा! मी नको म्हटले, तर म्हणतात, 'तो बिघडेल हे सिद्ध करून दाखव.' तपासल्याशिवाय कसे सिद्ध करू?"

मॅनेजरही काही राक्षस नव्हेत. गिऱ्हाइकाला शब्द त्यांनी दिलेला, खर्चाचा हिशेबही त्यांच्याच गळ्यात. सगळे कारागिरांवर सोपवले, तर काही कामे कल्पांतापर्यंत पुरी व्हायची नाहीत! पण भाच्याचे शेवटचे वाक्य ऐकून मला २७ जानेवारी १९८६ ची रात्र आठवली.

अमेरिकेचे 'चॅलेंजर' यान दुसऱ्या दिवशी उडायचे होते. थंडी कडाक्याची होती. त्याचे अग्निबाण बनवणाऱ्या मॉर्टन थायोकोल कंपनीचे इंजिनियर फोनवरच्या बैठकीत परोपरीने सांगत होते, की थंडीने सांध्यांतल्या रबरी कड्या ताठरतात. पारा १२ अंश सेल्सियसच्या खाली असताना उड्डाण नको. रॉजर बॉईजोली या इंजिनियरने तर आदल्या जुलैतच लेखी इशारा दिला होता. एरवी यान सुरक्षित आहे हे सिद्ध करावे लागे. त्या रात्री ते धोक्याचे आहे हे सिद्ध करण्याची पाळी इंजिनियरांवर आली. अखेर व्यवस्थापकांनी कंपनीचा सल्ला फिरवला. उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान फुटले आणि सात जीव गेले.

इतक्या दूर तरी कशाला जावे? आपले पानशेत घ्या. पाणी सोडण्याच्या मोरीचे काम अपुरे असताना १९६१ च्या पावसाळ्यात धरणात पाणी साठू दिले. १२ जुलैला ते फुटले, पाठोपाठ खडकवासलाही फुटले, आणि पुण्याच्या पेठा पाण्याखाली गेल्या. पावसाने काही कुणाचे वेळापत्रक विचारले नव्हते!

इतका वेळ दाजी मुकाट्याने सुपारी कातरीत बसले होते. ते म्हणाले, "अरे, बाजार चढला म्हणून उन्हाळी कांदा हिरव्या मानेचा उपटून कुणी चाळीत भरतो का? तो सडेल हे सिद्ध करीत बसत नाही आम्ही. मान मोडली का, एवढेच बघतो."

भाचा गप्प झाला. रात्री बसून त्याने मॅनेजरांना पत्र लिहिले : काय तपासले, काय राहिले, त्याला दिवस किती लागतील. भांडणाचा एक शब्द नाही. मॅनेजरांनी ते पत्र गिऱ्हाइकालाच दाखवले म्हणे, आणि दसऱ्याचा मुहूर्त दिवाळीवर गेला.

परवा त्याचा फोन आला होता. यादीतल्या दोन तपासण्या अजून उरल्या आहेत. मागून दाजींचा आवाज आला, "मान मोडली का, विचारा त्याला!"