वाय-फाय आहे, इंटरनेट आहे का?

कोल्हापूर-गारगोटी मार्गावरील बिद्री हे गाव दूधगंगा-वेदगंगा सहकारी साखर कारखान्यामुळे सर्वपरिचित आहे. अशा गावांतील घरांतूनही आता प्रवेशअर्ज, बँकेचे व्यवहार आणि परगावच्या मुलांशी बोलणे इंटरनेटवरूनच होते. अर्जाचा शेवटचा दिवस असावा, संगणकावर वाय-फायची खूण पूर्ण भरलेली दिसावी आणि तरीही पान उघडू नये, हा अनुभव आता घरोघरी परिचयाचा झाला आहे. दोष संगणकाचा, की सेवा देणाऱ्या कंपनीचा?

मुळात वाय-फाय आणि इंटरनेट या दोन भिन्न गोष्टी आहेत. वाय-फायची खूण संगणक घरातील राउटरशी जोडला गेल्याचे सांगते. राउटरपासून पुढे जाणारी तार तुटली असली, तरी ही खूण भरलेलीच राहते. अंगणातला रस्ता मोकळा असला म्हणून घाटातला रस्ताही मोकळा असतोच असे नाही.

मग संगणकाला हे कसे कळते? त्यासाठी तो दूरच्या ठरलेल्या संगणकाकडे एक लहानसा निरोप पाठवितो. २००७ साली आलेल्या विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्ये ही सोय आहे. मायक्रोसॉफ्टच्या एका पत्त्यावरून ठरावीक शब्दांची छोटी फाईल मागविली जाते. तेच शब्द परत आले, तर जोडणी खरी मानली जाते. अँड्रॉइड फोन अशाच प्रकारे '२०४' या क्रमांकाच्या कोऱ्या उत्तराची अपेक्षा करतो. रेल्वेस्थानकावर किंवा हॉटेलात नेमक्या उत्तराऐवजी मोबाईल क्रमांक विचारणारे पान येते. तेव्हा आधी नोंदणी हवी, हे यंत्र ओळखते.

घरच्या घरी दोष शोधण्याचा क्रमही सोपा आहे. संगणकाचा नेटवर्क-पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ताच मिळालेला नाही. राउटर बंद करून पुन्हा सुरू करावा. पत्ता ठीक असेल, तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये 'पिंग' ही आज्ञा देऊन पुढे इंग्रजी अंकांत ८.८.८.८ लिहावे. हा गूगलच्या सार्वजनिक सेवेचा पत्ता आहे. तेथून उत्तर आले, पण संकेतस्थळे नावाने उघडत नसतील, तर नावाचा अंकी पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस व्यवस्थेत बिघाड असण्याचा संभव अधिक. उत्तरच आले नाही, तर बहुधा अडचण राउटरच्या पलीकडे असते आणि सेवा देणाऱ्याला कळविणे योग्य. क्वचित कार्यालयीन सुरक्षाव्यवस्था ही तपासणीच अडवते. तेव्हा इंटरनेट चालू असूनही संगणक 'नाही' म्हणतो.

कोल्हापूर जिल्ह्याला संगणकाची ही नवलाई नवी नाही. १९९८ साली वारणानगर परिसरात 'वायर्ड व्हिलेज' प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावे संगणकाने जोडण्याची ती योजना होती. पुढे तेथील काही गावांत संगणकाऐवजी मोबाईलच्या लघुसंदेशांतून उसासंबंधीची माहिती पोहोचविण्याचा प्रयोगही झाला. साधन बदलले, शेतकऱ्याची गरज मात्र एकच होती, माहिती त्याच्यापर्यंत पोहोचण्याची.

घरातल्या माणसांनीही हेच ध्यानी ठेवावे. संगणकाचा कौल हा केवळ त्या क्षणापुरता असतो. पुढच्याच क्षणी जोडणी तुटू शकते. म्हणून पैसे भरताना पान मध्येच थांबले, तर घाईने पुन्हा पैसे भरू नयेत. आधी बँकेचे खाते पाहावे, मग अर्जाची स्थिती तपासावी. 'जोडलेले आहे' ही खूण भरवशाची नव्हे. पलीकडून आलेला पावती-क्रमांक हाच अर्ज पोहोचल्याचा खरा पुरावा होय. तो हाती आल्याखेरीज विद्यार्थ्याने संगणकासमोरून उठू नये.