मॅडिसनचा उन्हाळा: माशी, मासा आणि पाण्याचे तापमान

पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती पंखवाल्या वाळवीची झुंबड उडते आणि पाली-बेडकांची चंगळ होते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अमेरिकेतील मॉन्टाना राज्यातल्या मॅडिसन नदीवर उन्हाळ्यात असाच प्रकार घडतो. तिथे चंगळ होते ती ट्राउट माशांची.

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानात फायरहोल आणि गिबन यांच्या संगमातून निघणारी ही नदी ‘फ्लाय फिशिंग’साठी प्रसिद्ध आहे. पिसे, केस आणि दोरा गळाला गुंडाळून नकली माशी करायची आणि ती पाण्यावर टाकून ट्राउटला फसवायचे, असा हा खेळ. त्यामुळे खरा कीटक केव्हा बाहेर पडतो, हे जाणणे आवश्यक ठरते.

हे वेळापत्रक बव्हंशी पाण्याचे तापमान ठरवते. ‘सॅल्मनफ्लाय’ हा बोटाएवढा कीटक तीन-चार वर्षे तळाच्या दगडांखाली पिल्लाच्या अवस्थेत काढतो. जूनच्या अखेरीस पाणी १२-१३ अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचले की ही पिल्ले काठावर सरपटत येतात, कात टाकतात आणि त्यांना पंख फुटतात. खालच्या अंगाचे पाणी आधी तापते; म्हणून हा बहर रोज थोडा थोडा वरच्या अंगाला सरकतो. जुलैच्या संध्याकाळी ‘कॅडिस’ माशा उठतात. ऑगस्टमध्ये काठच्या गवतातले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात.

परंतु जी ऊब कीटकांना जागे करते, तीच वाढत गेली की माशाच्या जिवावर उठते. समुद्रसपाटीला १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो; २० अंशांना तो ९ वर येतो. उलट, तापलेल्या पाण्यात माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज वाढते. अशा वेळी गळाला लागून झुंजलेला मासा सोडून दिला, तरी दमछाकीने नंतर मरू शकतो. ‘आम्ही मासा मारत नाही, सोडून देतो’ हे समाधान तिथे अपुरे पडते.

मॅडिसनच्या खालच्या टप्प्यात हा धोका अधिक आहे, कारण धरणामागच्या उथळ एनिस तलावात पाणी तापून पुढे येते. मॉन्टानातील नियमांनुसार पाण्याचे कमाल तापमान सलग तीन दिवस ७३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे २३ अंश सेल्सिअस, किंवा त्याहून अधिक राहिले, तर दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत मासेमारी बंद ठेवता येते. या बंदीला ‘हूट आउल’ म्हणतात. वणव्याच्या भीतीने पहाटेच, घुबडांच्या आवाजात, काम उरकणाऱ्या लाकूडतोड्यांवरून हे नाव आले.

कॅडिस उठण्याची संध्याकाळ नेमकी या बंदीत सापडते. म्हणून जाणता गळवाला आधी पाण्यात तापमापक बुडवतो. पारा २० अंशांच्या वर दिसला, तर बंदीची वाट न पाहता तो गळ गुंडाळतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे येतो.